टपालकचेरीतला आकाशनिरीक्षक

शोधांच्या गोष्टी आपण मुलांना सांगतो त्या बहुधा एका क्षणाच्या असतात. झाडावरून फळ पडले आणि एकाला निसर्गाचा नियम सुचला. न्हाणीतले पाणी वर चढले आणि दुसरा आनंदाने ओरडत रस्त्यावर धावला. अशा गोष्टी वर्गात रंगतात, हे मी मास्तर असल्यामुळे चांगले जाणतो. परंतु एका माणसाने पंधरा वर्षे, आभाळ निरभ्र असेल त्या त्या रात्री, दुर्बिणीला डोळा लावून काही शोधले आणि त्याला काहीच सापडले नाही, ही गोष्ट कोण कोणाला सांगणार? ती सांगण्याजोगी झाली ती केवळ सोळाव्या वर्षाच्या तोंडावर घडलेल्या एका घटनेमुळे. त्या पंधरा वर्षांसाठी आणि त्या एका रात्रीसाठी वाचकांना मी आज जर्मनीतल्या एका आडगावी घेऊन जाणार आहे. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा अवघड गणिताचे भय कोणी बाळगू नये. जे मला समजले तेच सांगणार आहे.

गोष्टीचा आरंभ एका रिकाम्या जागेपासून होतो. सूर्यापासून पृथ्वीचे अंतर दहा मानले, तर बुधाचे सुमारे चार, शुक्राचे सात, मंगळाचे पंधरा, गुरूचे बावन्न आणि शनीचे पंचाण्णव येते. टिटियस नावाच्या जर्मन प्राध्यापकाने 1766 साली या आकड्यांत एक साखळी शोधून काढली. 0, 3, 6, 12, 24, 48, 96 असे आकडे मांडायचे आणि प्रत्येकात चार मिळवायचे. 4, 7, 10, 16, 28, 52, 100 ही मालिका तयार होते. ग्रहांची अंतरे तीत बरीचशी चपखल बसतात. फक्त 28 या आकड्यापाशी कोणीच राहत नाही. बोडे या ज्योतिर्विदाने 1772 मध्ये हा नियम पुढे मांडला आणि त्याचा बोलबाला झाला. 1781 साली विल्यम हर्शेलला शनीपलीकडचा युरेनस सापडला. साखळीप्रमाणे त्याची जागा 196 होती आणि तो निघाला 192 च्या आसपास! मग मात्र लोकांची खात्री पटली, की मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या ओसाड जागीही कोणीतरी असलेच पाहिजे.

आणि तसा तो सापडला. 1 जानेवारी 1801 रोजी, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच रात्री, सिसिली बेटावरच्या पालेर्मो गावी पियाझी नावाच्या धर्मोपदेशकाला एक अनोळखी तारका दिसली. ती जागा बदलत होती. तिला सेरेस हे धान्यदेवतेचे नाव मिळाले. पुढच्याच वर्षी, मार्च 1802 मध्ये, ब्रेमेन येथील ओल्बर्स या वैद्याला त्याच प्रदेशात पॅलास दिसली. 1804 साली हार्डिंगने जूनो शोधली आणि 1807 साली पुन्हा ओल्बर्सनेच व्हेस्टा. येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. सेरेस दिसली तेव्हा पियाझी ताऱ्यांची यादी करीत होता, आणि जूनो दिसली तेव्हा हार्डिंग ताऱ्यांचे नकाशे काढीत होता. घरातली सगळी भांडी ज्याने मोजून मांडली आहेत, त्यालाच परके भांडे ओळखू येते.

एका ग्रहाच्या जागी चार निघाले, आणि तेही अगदी चिमुकले, म्हणून ओल्बर्सने तर्क केला, की तेथे पूर्वी एक मोठा ग्रह असावा आणि तो फुटून हे तुकडे झाले असावेत. त्याने आणखी तुकड्यांसाठी पुष्कळ वर्षे आकाश तपासले. काही मिळेना, तेव्हा 1816 साली त्याने तो नाद सोडला. जाणत्या लोकांनीही ते प्रकरण मिटल्यासारखेच मानले. चार होते, चार सापडले. आता त्या बाजूला काही उरलेले नाही, असा सर्वसाधारण समज झाला. ग्रहांची संख्या अकरा झाली आणि पाठ्यपुस्तकांत ती तशीच छापली जाऊ लागली.

प्रशियाच्या राज्यात, बर्लिनच्या पूर्वेस दीडशेहून अधिक किलोमीटरवर, ड्रीझेन नावाचे एक लहानसे गाव होते. तेथे 8 एप्रिल 1793 रोजी कार्ल लुडविग हेंके याचा जन्म झाला. नेपोलियनविरुद्ध युद्ध पेटले तेव्हा विशीतला हा तरुण स्वयंसेवक म्हणून सैन्यात शिरला आणि 1813 च्या ल्युत्झेनच्या लढाईत जखमी झाला. त्यानंतर त्याने टपालखात्यात नोकरी केली. विद्यापीठाचा शिक्का नाही, वेधशाळेची नेमणूक नाही, वरिष्ठांचा आधार नाही. टपालकचेरीचे काम म्हणजे काय ते आपणा सर्वांना ठाऊक आहे. पत्ते वाचायचे, पत्रे लावायची, वजन करायचे, नोंदी करायच्या, आणि एक पत्र जरी चुकीच्या पिशवीत गेले तरी जाब द्यायचा. अशा कामातून माणसाला एक सवय लागते; कुठली वस्तू कुठल्या खान्यात असायला हवी हे त्याच्या अंगवळणी पडते. हेंकेच्या हातून पुढे जे घडले त्याचे मूळ मला तरी या सवयीत दिसते. त्याने स्वतःसाठी एक दुर्बीण मिळवली आणि 1830 च्या सुमारास, ज्या शोधाची आशा इतरांनी सोडून दिली होती, तोच शोध हाती घेतला.

हा शोध कसा करायचा असतो, ते थोडे सांगतो. दुर्बिणीतून पाहिले तरी लघुग्रह चकतीसारखा दिसत नाही, ताऱ्यासारखा ठिपकाच दिसतो. त्याला ओळखायची खूण एकच. तारे आपापल्या जागी राहतात आणि हा सरकतो. म्हणजे आज जेथे ठिपका दिसला तेथे काल तो होता की नव्हता हे ठाऊक हवे. आणि त्यासाठी त्या भागातले सारे तारे, बारीकातले बारीकसुद्धा, आधी कागदावर उतरलेले हवेत. असे नकाशे त्या काळी पुरेसे नव्हते. बेसेल या थोर ज्योतिर्विदाच्या सूचनेवरून बर्लिनच्या अकादमीने ते काम अंगावर घेतले होते. आकाशाच्या विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा अंशांचा पट्टा घेऊन त्याचे चोवीस तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा एकेका ज्योतिर्विदाकडे सोपवायचा, अशी ती योजना होती. ती पुरी व्हायला 1859 साल उजाडले. हेंकेच्या हाती पूर्ण संच आला नव्हता. होते तेवढे नकाशे त्याने घेतले, त्यांत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले मंद तारे भरले, आणि मग तो तो भाग पुन्हा पुन्हा ताडून पाहायचा क्रम आरंभला.

पंधरा वर्षे! लिहायला शब्द लहान आहे. शाळेत पहिलीत आलेला मुलगा पंधरा वर्षांत मिसरूड फुटून संसाराच्या उंबरठ्यावर येतो. तेवढ्या काळात या माणसाच्या हाती काय लागले? प्रत्येक ठिपका आपल्या जागी आहे, ही नोंद. दुसऱ्या रात्री पुन्हा तीच नोंद. कादंबरी लिहिणाऱ्याला निदान पाने साठत असल्याचे समाधान असते आणि मास्तराला मुले वरच्या वर्गात गेलेली दिसतात. हेंकेला यांपैकी काहीच नव्हते. आणि शेवटी तेथे काही असेलच याची हमी तरी कोणी दिली होती? गावातल्या शहाण्यांनी त्याला काय म्हटले असेल, याची कल्पना मी करू शकतो. ती शहाणी माणसे सर्व गावांत सारखीच असतात. पण विचार करता मला असे वाटते, की त्या पंधरा वर्षांना निष्फळ म्हणणे हीच आपली चूक आहे. ‘सर्व काही जागच्या जागी आहे’ हे खात्रीने सांगता येणे, हे ज्ञानच आहे. ते ज्ञान ज्याच्यापाशी होते त्यालाच 8 डिसेंबर 1845 च्या रात्री काहीतरी जागचे हललेले दिसले.

त्या रात्री हेंके नवा ग्रह शोधीत नव्हता. तो जुन्या ओळखीच्या व्हेस्टाकडे पाहत होता. व्हेस्टा तेव्हा वृषभ राशीत होती. आपल्या कृत्तिका आणि रोहिणी त्याच राशीतल्या. दिवाळीच्या दिवसांत रात्र थोडी चढली की पूर्वेकडे त्या सहज दिसतात. त्या भागात त्याला नवव्या प्रतीची एक तारका दिसली. साध्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. नवव्या प्रतीची तारका त्याहून सुमारे सोळापट मंद. अशा शेकडो तारका त्या भागात असतात, आणि दुसरा कोणी असता तर त्याची नजर तीवरून निसटून गेली असती. हेंकेची थबकली, कारण ही तारका नकाशात नव्हती. आणि तेथे ती पूर्वी कधी दिसलेली नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

त्याने काय केले? गावभर दवंडी पिटली नाही. त्याने पत्र लिहिले. ज्या खात्यात त्याचे आयुष्य गेले त्या खात्याच्या पिशवीतून त्याच्या शोधाची बातमी बर्लिनला निघाली. बर्लिनच्या वेधशाळेचा प्रमुख होता योहान फ्रान्झ एंके. नावांच्या साम्याने वाचकांनी गोंधळू नये; ड्रीझेनचा तो हेंके आणि बर्लिनचा हा एंके. एंके म्हणजे गाउस या गणितज्ञाचा शिष्य आणि युरोपातला मान्यवर ज्योतिर्विद. एका खेड्यातल्या टपालवाल्याचे पत्र बाजूला टाकणे त्याला अवघड नव्हते. त्याने तसे केले नाही. सांगितलेल्या जागेच्या आसपास दुर्बीण लावली, नकाशाशी ताडून पाहिले, तर एक पाहुणी तारका खरोखरच सरकताना दिसली. अडतीस वर्षांच्या खंडानंतर पाचवा लघुग्रह सापडला होता.

नाव ठेवण्याचा मान शोधणाऱ्याचा. हेंकेने तो मान एंकेला देऊन टाकला. एंकेने नाव निवडले ॲस्ट्रिआ. ग्रीक लोकांच्या कथेत ही न्यायाची कुमारी देवता. सुवर्णयुगात ती माणसांमध्ये राहत असे. युग पालटले, माणसे बिघडू लागली, तेव्हा ती डोंगरात गेली. पुढे अधर्म फारच माजला तेव्हा तिने पृथ्वी सोडली. सर्व देव निघून गेले आणि सर्वांत शेवटी ही गेली. आकाशात ती कन्या राशी होऊन राहिली. आपल्या सत्ययुग-कलियुगाच्या कल्पनेशी हे किती जुळते पाहा! आपली चित्रा त्याच कन्येत चमकते. जी पृथ्वीवरून सर्वांच्या शेवटी गेली, तिचे नाव सर्वांची आशा मावळल्यावर सापडलेल्या ग्रहाला मिळाले. एंकेच्या मनात हा योग होता की नाही ते सांगता येणार नाही. पण नाव शोभले खरे. चिन्ह म्हणून तिला नांगर दिला गेला, शेतातला नव्हे, जहाजाचा.

आता तिच्या कक्षेविषयी. थोड्या रात्रींच्या वेधांवरून ग्रहाची सगळी वाट कशी काढायची, ती रीत गाउसने सेरेसच्या वेळी शोधली होती आणि 1809 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली होती. ती वापरून ॲस्ट्रिआची कक्षा काढण्यात आली. सूर्यापासून पृथ्वीचे अंतर एक मानले तर ॲस्ट्रिआचे सरासरी अंतर 2.57 भरते. वरच्या वर्गातल्या मुलांसाठी येथे एक गंमत आहे. केप्लरच्या नियमाप्रमाणे या आकड्याचा घन करा. तो सुमारे 17 येतो. त्याचे वर्गमूळ काढा; ते चाराच्या थोडेसे वर येते. बस, ॲस्ट्रिआचे वर्ष सापडले! आपली चार वर्षे आणि दीडएक महिना एवढ्यात तिची सूर्याभोवती एक फेरी होते. वाट मात्र नीट वर्तुळाकार नाही. जवळ येते तेव्हा ती सूर्यापासून सुमारे 31 कोटी किलोमीटरवर असते आणि दूर जाते तेव्हा सुमारे 46 कोटींवर. पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी तिची वाट पाच अंशांहून थोडी अधिक कललेली आहे. सेकंदाला सुमारे 18 किलोमीटर हा तिचा सरासरी वेग. आणि आकार? पुरता सव्वाशे किलोमीटरसुद्धा नाही. स्वतःभोवती एक गिरकी घ्यायला तिला सुमारे सतरा तास लागतात.

हेंकेचे पुढे नाव झाले. राजाकडून त्याला वार्षिक मानधन मिळाले. पण त्याने दुर्बीण झाकून ठेवली नाही. 1 जुलै 1847 रोजी त्याने सहावा लघुग्रह शोधला. या खेपेस नाव ठेवण्याची विनंती त्याने प्रत्यक्ष गाउसला केली; सत्तरीतल्या त्या गणितज्ञाने तारुण्याच्या देवतेचे नाव दिले, हेबी. दोन ग्रह सापडले आणि दोन्हींची बारशी त्याने दुसऱ्यांच्या हातून करविली.

या दोन शोधांच्या मधेच बर्लिनला एक मोठी घटना घडली. फ्रान्सच्या ले व्हेरिएने गणिताने एका अदृश्य ग्रहाची जागा काढून बर्लिनला कळवली. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री गाले आणि त्याचा तरुण साथीदार द’आरे यांनी अकादमीचाच एक ताजा नकाशा पुढे घेतला. एक दुर्बिणीतून तारे सांगत गेला, दुसरा नकाशात पाहत गेला. आणि एक तारा नकाशात नाही असे आढळले. तो नेपच्यून. एंके त्या संध्याकाळी आपला पंचावन्नावा वाढदिवस साजरा करण्यासाठी घरी होता. ग्रह सापडावा तो असा! नेपच्यूनची जागा गणिताने सांगितली, ॲस्ट्रिआची कोणीही सांगितली नव्हती. पण दोघांनाही पकडले ते एकाच युक्तीने: नकाशात नाही ते आकाशात कसे?

ॲस्ट्रिआने दार उघडले आणि मग लोंढाच आला. 1847 मध्येच लंडनला हिंडने आयरिस आणि फ्लोरा शोधल्या. 1848 मध्ये आयर्लंडमधून मेटिस, 1849 मध्ये नेपल्सहून हायजिया. हरमान गोल्डश्मिट या चित्रकाराने पॅरिसमधल्या आपल्या खोलीतून 1852 साली लुटेशिया शोधली आणि पुढे आणखी तेरा. 1847 पासून पुढे, 1945 हे एक साल वगळले, तर असे एकही वर्ष गेलेले नाही की ज्यात नवा लघुग्रह सापडला नाही. आपल्या देशाचाही यात वाटा आहे. नॉर्मन पॉगसन हा मद्रासच्या वेधशाळेत आला आणि 17 एप्रिल 1861 रोजी त्याला तेथे सदुसष्टावा लघुग्रह दिसला. आशिया खंडाच्या भूमीवरून लागलेला हा पहिला लघुग्रह, आणि नावही तेच मिळाले, आशिया.

परंतु या यशातच एक विपरीत गोष्ट होती. चार होते तोवर त्यांना ग्रह म्हणणे चालून गेले. पंधरा झाले, वीस झाले, 1868 पर्यंत तर शंभर झाले. तेव्हा इतक्यांना ग्रहांच्या पंक्तीला कोठे बसवायचे? चिन्हे काढता काढता ज्योतिर्विद थकले आणि त्यांनी क्रमांक द्यायला सुरुवात केली. 1851 साली एंकेने आपल्या वार्षिक पंचांगात पहिला क्रमांक दिला तो ॲस्ट्रिआला. जुन्या चौघी आपल्या चिन्हांनिशी मानाने वेगळ्या राहिल्या. हा मान फार टिकला नाही. लवकरच चौघींनाही रांगेत उभे केले गेले आणि ॲस्ट्रिआ पाचवी झाली. हेंकेने पाचवा लघुग्रह शोधला त्या वेळी जगाने त्याला ग्रह शोधणारा म्हणून गौरविले. पण त्याने उघडलेल्या दारातून जे आले त्यांनीच त्याच्या ग्रहाची ग्रहपदवी काढून घेतली. ओल्बर्सचा फुटलेल्या ग्रहाचा तर्कही मागे पडला. या सर्व तुकड्यांचे एकत्र वजन आपल्या चंद्राच्या शेकडा तीन एवढेच भरते. ही फुटलेल्या घराची पडझड नसून न बांधल्या गेलेल्या घराचे सामान आहे, असे आजचे शास्त्र मानते. 1891 साली माक्स वोल्फने छायाचित्रांच्या साहाय्याने लघुग्रह शोधायला आरंभ केला आणि डोळ्यांनी नकाशा ताडण्याचे युग सरले. आज क्रमांक मिळालेल्या लघुग्रहांची संख्या आठ लाखांवर गेली आहे.

आठ लाखांत एक! मग हेंकेच्या पंधरा वर्षांची किंमत काय राहिली, असे कोणी विचारील. मी हा प्रश्न स्वतःलाही विचारून पाहिला. मला वाटते, किंमत त्या दगडाच्या आकारात मोजायची नसते. येथे आता काही उरले नाही, असे सर्वांनी म्हटले असता, ‘मी स्वतः पाहून मग सांगेन’ म्हणणारा एक माणूस निघाला, आणि त्यामुळे ती वाट पुन्हा सुरू झाली. आठ लाखांची रांग सुरू होते ती त्याच्यापाशी.

हेंके 21 सप्टेंबर 1866 रोजी वारला. शोध लागल्यापासून त्याच्या हयातीत ॲस्ट्रिआच्या पाच फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. त्याचे ड्रीझेन 1945 नंतर पोलंडमध्ये गेले. त्याचे नाव आता द्रेझ्देन्को. ज्या राजाने मानधन दिले त्याचे राज्यही नकाशावर उरले नाही. ॲस्ट्रिआच्या मात्र चाळिसांहून अधिक फेऱ्या झाल्या आहेत आणि तिच्या वाटेचा आकडा तोच आहे, 2.57. आणि ज्याने आपल्या दोन्ही शोधांना नाव ठेवण्याचा हक्क दुसऱ्यांना दिला, त्याचेही नाव शेवटी आकाशात गेले. 1973 साली स्वित्झर्लंडमध्ये पॉल विल्ड यांना सापडलेल्या एका लघुग्रहाला पुढे 2005 हा क्रमांक मिळाला आणि त्याला नाव देण्यात आले, हेंके.